दारावरून गेलेली गाडी

लक्ष्मीपूजन आटोपलं की पाडव्याच्या सकाळी गाडी काढायची आणि भाऊबीज होईपर्यंत घराकडे फिरकायचं नाही, हा नीळकंठरावांचा जुना शिरस्ता. देऊळगाव राजाच्या एका कॉलेजात ऑफिस सांभाळण्यात जन्म गेलेला माणूस. वर्षभर खुर्ची सोडायची नाही आणि दिवाळीत खुर्चीवर टेकायचं नाही. सोयऱ्याधायऱ्यांच्या घरी जावं, चकलीचा तुकडा मोडावा, "नको नको" म्हणत दुसरा लाडू उचलावा, यात त्यांना जे सुख मिळे ते बालाजीच्या यात्रेतही मिळत नसे. यंदा तर त्यांच्या उत्साहाला नुसतं उधाण आलं होतं, कारण यंदा शेजारच्या सीटवर वंदना बसणार होती.

दोघांचंही हे दुसरं लग्न. नीळकंठरावांची पहिली बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी गार्गी नोकरीसाठी बंगळूरला गेली, आणि घरात हा माणूस एकटाच टीव्हीशी बोलायला लागला. शेवटी गार्गीनंच मनावर घेतलं आणि वडिलांसाठी स्थळं पाहायला सुरुवात केली.

वंदनाचं माहेर जळगाव जामोदचं, पण वीसेक वर्षं तिनं वरवट बकालला सून म्हणून काढलेली. नवरा प्रल्हाद तापाचं निमित्त होऊन गेला. मूलबाळ नव्हतं. तरी ती माहेरी परतली नाही; सासू पुष्पाबाई आणि धाकटा दीर गणेश यांच्यासोबत त्याच घरात राहिली, शेत पाहिलं, गणेशचं लग्न लावून दिलं. नीळकंठरावांचं स्थळ आलं तेव्हा तिनं आधी विचारलं ते सासूलाच. पुष्पाबाई तूर पाखडत होत्या. हातातलं सूप न थांबवता त्या म्हणाल्या, "तुहं तू पाह्य." एवढंच. वैशाखात लग्नाच्या दिवशी सकाळी वंदना त्या घरातून निघाली, तेव्हा पुष्पाबाई घरातच नव्हत्या. भल्या पहाटे उठून शेतात निघून गेल्या होत्या.

आता पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी नीळकंठराव स्वयंपाकघरात फराळाचे डबे भरायला बसले होते. चिखलीचा झाला, जळगावचा झाला. मग अगदी सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "वरवटचा भरू ना?"

"नाही," वंदना म्हणाली. "तथी कोणी खाणार नाही."

नीळकंठरावांनी जळगावच्या डब्याचं झाकण दाबून लावलं. या "नाही"च्या मागे काय आहे ते त्यांना ठाऊक होतं.

आषाढात पुष्पाबाई आणि गणेश बालाजीच्या दर्शनाला म्हणून देऊळगाव राजाला आले होते. दर्शन करून ते घरी आले तेव्हा वंदनाला आभाळ ठेंगणं झालं. तिनं सकाळपासून पुरण शिजवलं होतं. पाऊस लांबला होता, उकाड्यानं जीव नकोसा झाला होता, म्हणून माठातल्या पाण्याचे दोन पेले आधी पुढे केले. म्हातारीनं पेल्याला बोटसुद्धा लावलं नाही. "तहान नाही," म्हणाली. गणेशनं उचललेला पेला आईकडे पाहून पुन्हा खाली ठेवला. चहा आणला, तो नको. पोळी वाढते म्हटलं, तर "आज उपास हाये." कसला उपास! सासूचे सगळे वार वंदनाला पाठ होते, त्या दिवशी कसलाच उपास नव्हता. मग पुष्पाबाई उठल्या आणि घरभर फिरल्या. डाळीचे डबे उघडून आत पाहिलं, नळ सोडून पाहिला, पलंगावरची गादी हातानं दाबून पाहिली, तोंडातून चकार शब्द न काढता. तासाभरात मायलेक निघून गेले. ते पुरण वंदनानं गल्लीतल्या गाईला घातलं आणि मोरीत जाऊन रडली.

आपल्याकडे ज्याच्या घरचं पाणी बंद केलं, त्याच्याशी संबंध संपला, हे शेंबड्या पोरालाही कळतं. दुसरं लग्न केलं म्हणून सासूनं आपल्याला टाकलं, असा वंदनानं सरळ अर्थ लावला. फोन केला तर म्हातारीला फोनवर ऐकू येत नसे, आणि गणेश "हाव, सांगतो" म्हणून ठेवून देई. नीळकंठराव तिला म्हणत, "अगं, म्हातारं माणूस आहे, नसेल लागली तहान." पण ज्या घरात वीस दिवाळ्यांची रांगोळी आपण काढली, त्या घराला आपण नकोसे झालो, हे तहानेवर ढकलून मनाला पटत नाही.

पाडव्याला दुपारचं जेवण चिखलीला होतं, अन्नपूर्णाबाईंकडे. अन्नपूर्णाबाई म्हणजे नीळकंठरावांच्या पहिल्या बायकोच्या आई. वंदना अंग चोरूनच त्या घरात शिरली. आपण या बाईच्या मेलेल्या लेकीच्या जागी आलेलो, ही आपल्याकडे कोणत्या नजरेनं पाहील? पण अन्नपूर्णाबाईंनी दारातच तिच्या हातातली पिशवी काढून घेतली. "जावईबापू, तुम्ही तिकडं झोपाळ्यावर बसा, मध्ये मध्ये करू नका," असा नीळकंठरावांना दम भरला आणि वंदनाला आत नेऊन कुंकू लावलं. जेवताना म्हणाल्या, "माझी पोर गेली तेव्हा वाटलं होतं, हे घरही आता सुटलं. तू आलीस म्हणून हा माणूस अजून दिवाळीला माझ्या दारी येतो. नाहीतर बसला असता कुढत एकटा."  वंदनानं वाटीतली खीर संपवली आणि आणखी मागून घेतली.

गाडीत बसल्यावर मात्र ती खिडकीकडे वळून बसली. मग म्हणाली, "तुम्ही दुसरं लग्न केलं, तरी तुम्ही त्यायचे जावई राह्यले. झोपाळा बी तुमचा, खीर बी तुमची. अन् मी दुसरं लग्न केलं तं मी कोणीच नाही काय?"

नीळकंठरावांनी उगाच हॉर्न वाजवला. रस्त्यावर कुणी नव्हतं.

खामगाव आलं तेव्हा वंदना म्हणाली, "नांदुऱ्याकडून चला. जळगावले तोच रस्ता जवळ पडते."

"शेगाव इतक्या जवळ आणि दर्शन न घेता जायचं? दिवाळीत?" नीळकंठराव म्हणाले.

"शेगाववरून गेलं तं मंग वरवट लागते."

"लागू दे की. रस्ता काही त्यांच्या मालकीचा नाही."

माणूस वरून भोळा दिसे, पण तसा नव्हता. शेगावचं दर्शन हा नुसता बहाणा होता. वरवटच्या फाट्यावर बायकोचं मन द्रवेल आणि ती आपणहून म्हणेल, थांबवा, असा त्यांचा बेत होता. वंदनाला सांगायचं धैर्य न झाल्यामुळे वरवटच्या नावाचा डबाही त्यांनी गुपचूप भरून डिकीत जुन्या चादरीखाली लपवला होता.

वरवट आलं तेव्हा उन्हं कलली होती. पुष्पाबाईंचं घर रस्त्याला लागूनच. ओट्यावर दोन पणत्या अजून लावायच्या म्हणून मांडून ठेवलेल्या, दाराला झेंडूचं तोरण. वंदनानं पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी तोरण पाहिलंच; एका बाजूनं ओघळलं होतं, गणेशला कधीच सरळ बांधता येत नसे. नेमकी तिथंच कापसाची एक गाडी आडवी आली आणि नीळकंठरावांना थांबावं लागलं. समोरून भाजीची टोपली घेऊन जनकाबाई येत होती. जनकाबाई म्हणजे गावाची चालतीबोलती बातमी. तिनं काचेतून आत डोकावलं, तिचे डोळे मोठे झाले.

"वंदने!"

वंदनानं झटकन पदर तोंडावर ओढला आणि मान फिरवली. "चला ना हो," ती पदराआडून म्हणाली. "चला लवकर!" कापसाची गाडी हलली, नीळकंठरावांनी निमूटपणे गिअर टाकला.  आपण असं तोंड का लपवलं, हे वंदनालाही सांगता आलं नसतं. चोरी केली नव्हती, पाप केलं नव्हतं. पण आपल्याला पाहून पुष्पाबाईंनी दार लावून घेतलं असतं, तर ते तिला सहन झालं नसतं, आणि त्यापेक्षा आपणच मान फिरवलेली बरी, असं तिला त्या क्षणी वाटलं.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. जळगाव जामोदला वंदनाचा भाऊ शंकरराव आणि भावजय रेवती यांनी मनापासून केलं. शंकररावांना ओवाळून झालं, नीळकंठराव मेहुण्याशी तुरीच्या पिकावर अधिकारवाणीनं बोलायला लागले, म्हणजे तुरीतलं काही कळत नसतानाही बोलायला लागले. रेवती पानं मांडत होती. इतक्यात दारात मोटरसायकल थांबली आणि गणेश आत आला.

धुळीनं भरलेला, केस उडालेले. चपला न काढता अंगणातच उभा राहिला.

वंदना पुढे धावली. "काय झालं? त्या बऱ्या हायेत ना?"

"मायनं बोलावलं," गणेश जमिनीकडे पाहत म्हणाला. "चाल."

त्यानं 'वहिनी' म्हटलं नाही. शाळेची पाटी घेऊन मागे मागे फिरणाऱ्या या पोराला वंदनानं लग्न होऊन आल्यावर आपल्या हातानं भरवलं होतं, आणि तेव्हापासून त्याचं एक वाक्य 'वहिनी'शिवाय पुरं होत नसे. आता नुसतं "चाल." वंदनाला ते लागलं. त्यात रेवतीनं पाण्याचा तांब्या आणला, तर गणेशनं तो उभ्या उभ्या घटाघटा रिकामा केला. माझ्या घरी पेला खाली ठेवला आणि इथं अख्खा तांब्या संपवला, हे वंदनानं पाहिलं आणि मग तिचा तोल गेला.

"काऊन बोलावलं? अजून काही सुनवाचं राह्यलं काय?"

"मले काई मालूम नाही. जनकाबाईनं सांगतलं का वंदना दारावरून गेली, अन् पाह्यलं तं तोंड लपवलं. तवापासून मायनं घास नाही घेतला. रात्री बी नाही, सकाळी बी नाही. आता तू चालते का नाही ते सांग."

वंदना कंबरेवर हात ठेवून उभी होती, पण 'घास नाही घेतला' हे ऐकल्यावर तिचे हात खाली आले. या म्हाताऱ्या बाईला साखरेचा त्रास होता, उपाशी राहिली की घेरी येई. तिच्या गोळ्या कोणत्या, त्या कशासोबत घ्यायच्या, हे सगळं वीस वर्षं वंदनाच पाहत आली होती. तिनं नीळकंठरावांकडे पाहिलं. नीळकंठरावांच्या हातात गाडीची किल्ली केव्हाच आली होती.

"पानं झाकून ठेव वं," वंदना रेवतीला म्हणाली.

वरवटला पुष्पाबाई ओट्यावरच बसल्या होत्या. गाडी थांबली तशी त्यांनी नीळकंठरावांना पाहून डोक्यावरचा पदर सारखा केला, पण उठल्या नाहीत. घरात दुसरं कुणी नव्हतं. गणेशची बायको पोरांना घेऊन भाऊबीजेला आपल्या माहेरी गेली होती. वंदना पायरीशी उभी राहिली. ज्या पायरीवरून दिवसातून शंभरदा ये-जा केली, ती चढावी की नाही हे तिला कळेना.

अशा वेळी शहाण्या माणसानं काहीच करू नये. नीळकंठरावांना ते जमलं नाही. त्यांनी डिकी उघडली, चादरीखालून डबा काढला आणि हसत हसत पुष्पाबाईंच्या पुढ्यात ठेवला. "फराळ आणलाय. वंदनानं स्वतः केलंय सगळं. आधी दोन घास खाऊन घ्या बघू."

पुष्पाबाईंनी डबा हातानं बाजूला सारला.

"नाही. तुमच्या घरचं मले चालत नाही."

झालं. चार महिने वंदनानं जे गिळलं होतं ते सगळं एकदम वर आलं.

"चालणारच नाही!" ती ओरडली. रस्त्यानं जाणारी दोन माणसं थबकली, पण तिला त्याचं भान नव्हतं. "आषाढात आल्या, माठातलं पाणी पुढं केलं तं पाणी नाही चाललं. चहा नाही चालला. पोळी केली, तं खोटा उपास सांगतला मले! डबे उघडून पाह्यले, जशी मी कोणाचं चोरून आणलं. अन् मी लग्नाले निघाली त्या दिवशी तोंड बी नाही दाखवलं तुम्ही, शेतात निघून गेल्या. तुमचा एवढाच राग होता तं तवाच म्हणाचं होतं, नको करू लग्न. मी नसतं केलं! इथंच राह्यली असती. पण असं पाणी तोडाचं? माह्या हातचं पाणी वीस वर्षं पेल्या ना तुम्ही? तवा कसं चाललं?"

पुष्पाबाई तिच्याकडे पाहतच राहिल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरोखरच काही समजत नव्हतं.

"बाप्पा!" त्या म्हणाल्या. "लेकीच्या घरचं पाणी कसं पेऊ वं मी?"



आता आजकाल कुणी पाळत नाही हे. आया सहा सहा महिने लेकीच्या घरी जाऊन राहतात, जेवतात, वर जावयाला भाजीत मीठ कमी पडलं म्हणून सुनावतात. पण पुष्पाबाईंच्या पिढीत लेक एकदा दिली की तिच्या घरचं अन्नपाणी आईबापांना वर्ज्य. लेकीला मूल होईस्तोवर तर घोटभर पाणीसुद्धा नाही. दिलेल्या घराकडून काही घ्यायचं नाही, असा तो साधा हिशेब.

"माही माय यायची ना इथी," पुष्पाबाई समजावून सांगायला लागल्या, "तं आपल्या पाण्याचा फिरकीचा तांब्या संगं आणायची. झाकण खोलून त्यातलंच पेयाची, अन् उन्हातान्हाची तशीच वापस जायची. आषाढात मी बी फिरकी आणली होती, तं हा गण्या एसटीतच विसरला. जीव निसता सुकून गेला होता माहा. पण नेम थो नेम."

"पण मी तं सून हाये तुमची," वंदना कशीबशी म्हणाली.

"होती. प्रल्हाद होता तंवर सून होती. आता तुले दुसऱ्या घरी देली मी, मंग तू सून कशी राह्यशीन?" म्हातारीनं ओट्यावरची पणती उचलून पुन्हा नीट मांडली. "ज्या बाईले घरातून दुसरीकडे देली, थे लेक. यात समजाचं काय हाये एवढं?"

"अन् डबे?"

"लेक देली तं घर पाहा लागते. डाळ हाये का, तेल हाये का, नळाले पाणी येते का. सगळं बराबर होतं म्हणून चूप आली."

"अन् त्या दिवशी शेतात काऊन गेल्या?"

 पुष्पाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "लेकीची पाठवणी पाह्यनं नाही झालं माह्यानं," त्या शेवटी म्हणाल्या. "मले कुठी लेक होती? सवय नव्हती मले. वावराच्या धुऱ्यावर बसून रडली तासभर, अन् मंग धसकटं येचली."

वंदना पायरीवरच खाली बसली आणि रडली. तिला दुःख होत नव्हतं, राग येत होता. इतके महिने फुकट गेल्याचा राग, आणि त्या रागाच्या खाली असा आनंद की तो कुठं ठेवावा हे तिला कळेना. "मंग हे तोंडानं सांगाले काय झालं होतं?" ती रडत रडत भांडत होती. "मले कसं समजीन? मी तं मेली अर्धी!"

"लेकीले सांगा लागते काय?" म्हातारीनं उलट तिलाच विचारलं. "अन् तू दारावरून गेली. तोंड लपवून गेली. गावानं मले काय म्हटलं असंन? लेक परकी झाली म्हणून रात्रभर माह्या डोळ्याले डोळा नाही."

नीळकंठराव चष्मा पुसत होते. तो तसा स्वच्छच होता. मग पुष्पाबाईंचा मोर्चा गणेशकडे वळला. "अन् याले दसऱ्यापासून सांगून राह्यली, का मुराळी जाय, बहिणीले दिवाळीले घेऊन ये. रोज म्हणे उद्या जातो."

"मंग काऊन नाही आला रे?" वंदनानं डोळे पुसत विचारलं.

गणेशची पार फजिती झाली. तिशीला टेकलेला माणूस, पण कान लाल झाले. "मले समजेच ना तथी जाऊन काय म्हणू. वहिनी म्हणू तं दाजीले राग येईन. ताई म्हणू तं तूच हासशीन. म्हणून मी फोनवर बी काई म्हणत नव्हतो."

"अन् पाणी काऊन नाही पेला माह्या घरी? भावाले तं चालते!"

"मायनं नाही घेतला म्हणून म्या बी ठेवला," गणेश म्हणाला. "मले वाटलं, पाण्यातच काई पडलं असंन."

वंदना हसली. रडता रडताच हसली, आणि मग नीळकंठरावांनाही हसू आवरेना. पुष्पाबाईंना मात्र यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. त्यांनी डबा उचलून गणेशच्या हातात दिला. "हे तुले चालते. मले दाखवू नको, बेसनाचा वास येऊन राह्यला."

मग सगळं भराभर झालं. पुष्पाबाईंनी स्वतः पाट मांडला, गणेश हातपाय धुऊन आला. वंदना सवयीनं निरांजन आणायला आत वळली, तर म्हातारीनं तिला हाताला धरून बसवलं. "तू बस. मी आणतो." वंदनानं गणेशला ओवाळलं तेव्हा त्याला तिच्याकडे पाहवेना. त्यानं आतून एक पिशवी आणून तिच्या पुढ्यात ठेवली. आत हिरवी साडी होती, दसऱ्यापासून आणून ठेवलेली. नीळकंठरावांच्या डोक्यावर टोपी चढली, खांद्यावर टॉवेल आला, आणि त्या वेशात ते इतके खूश दिसत होते की गार्गीला फोटो पाठवायला त्यांनी गणेशकडून तीनदा फोटो काढून घेतले.

पुष्पाबाईंनी फराळाच्या ताटल्या आणल्या. आधी जावयाला, मग लेकीला. यंदाचं सगळं फराळाचं त्यांनी स्वतःच्याच हातानं केलं होतं.

"जेव," त्या वंदनाला म्हणाल्या. "तू खाल्लं का मंग मी खातो."

नीळकंठरावांनी शेवेचा बकाणा भरला. "वा!" ते म्हणाले. "काय झालीय शेव! अशी शेव आमच्याकडे होतच नाही." आणि पाण्याचा पेला एका दमात संपवला.

वंदनानं शेव तोंडात टाकली. चावली. पुष्पाबाईंच्या हाताला मीठ जास्त, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि त्या घरात ते कुणी कधी बोललं नव्हतं. प्रल्हाद बोलला नाही, गणेश बोलला नाही. वंदनानं तर दर दिवाळीला तीच शेव मान खाली घालून खाल्ली होती आणि "मस्त झाली" म्हटलं होतं. सुनेनं आणखी काय म्हणायचं असतं?

"माय," ती म्हणाली, "शेव खारट झाली."

गणेश चावायचा थांबला. नीळकंठराव टोपी सावरत एकदा हिच्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहू लागले. पुष्पाबाईंनी तिच्या ताटलीतली चिमूटभर शेव उचलली, तोंडात टाकली, आणि बराच वेळ चघळत राहिल्या.

"झाली थोडी," त्या म्हणाल्या. मग भुवया चढवून, "आली मोठी नावं ठेवणारी! एवढं समजते तं पुढच्या दिवाळीले चार दिस आधी ये, अन् तूच काढ शेव."

वंदनानं भिंतीला पाठ टेकली. त्या घरात, सासूच्या समोर, आयुष्यात पहिल्यांदा तिनं आरामात पाय पसरले आणि ताटलीतली शेवेची मूठ उचलली.

"मी काऊन काढू?" ती म्हणाली. "माहेरी येऊन कोणी कढईपाशी बसते काय?"